मामीच्या डोक्याच्या वर

लहान्या मामी कोणाच्याही गाडीत बसल्या की पहिलं काम एकच करायच्या. मागच्या सीटच्या फटीत हात घालायच्या, तो थेट कोपरापर्यंत. गाडी नवी असो, जुनी असो, नवरदेवासाठी फुलं लावून उभी असो, मामींचा हात आत गेलाच म्हणून समजा. गाडीचा मालक बिचारा बाहेर उभा राहून बघत राहायचा. फटीतून आधी शेंगदाण्याची टरफलं निघायची, मग केसांची एखादी पिन, चॉकलेटचा चुरगळलेला कागद, आणि शेवटी, असलंच तर, ज्यात सीटबेल्टची पट्टी अडकते ते लाल बटणाचं कुलूप. ते हाताला लागलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "सापडलं! आता बसा," म्हणायच्या. गाडी जणू त्यांचीच आणि आम्ही पाहुणे.

कारंजा (घाडगे) बसस्टँडच्या मागच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आणि घराखाली हार्डवेअरचं दुकान. दुकानात बसणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला अख्खं गाव मामाजी म्हणायचं, म्हणून त्या मामी. 'लहान्या' हे मात्र उंचीवरून. नवीन माणूस "मोठ्या मामी कुठे असतात?" असं विचारायचा आणि गल्ली हसायची. मामाजी सहा फूट उंच, ताठ. मामी त्यांच्या शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणापर्यंत यायच्या. दोघांचा लग्नातला फोटो दुकानात गल्ल्याच्या वर लावलेला होता, त्यात मामींच्या पायाखाली पाट दिला होता आणि तरी त्या जेमतेम खांद्याला लागत होत्या. "फोटोवाल्यानं देल्ला पाट," त्या सांगायच्या, "नाईतं फोटोत नुसती यांची टोपीच दिसली असती."

पाटाचं हे पुढे चांगलंच वाढलं. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात असायची. ती पहिल्यांदा चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली, तेव्हा मामी आणि मामाजी गाडी घेऊन नागपूरला विमानतळावर गेले. नातवाची ओळख तोवर फोनवरचीच. मामी मागच्या सीटवर पदर सारखा करून, मांडी पुढे करून बसल्या. मुलीनं बॅगेतून एक निळी, जाडजूड, दोन्ही बाजूंना हात असलेली बैठक काढली आणि सीटवर ठेवली. मग कव्हराखाली दडपलेलं ते कुलूप नखांनी उकरून बाहेर काढलं, पोराला बैठकीवर बसवलं आणि पट्टा लावला. "आई, गाडीत मांडीवर नाही," एवढंच म्हणाली. नागपूर ते कारंजा मामी खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला नंतर सांगताना म्हणाल्या, "मले वाटलं, पोरगी मले नातवाले हात बी लावू देत नाई. खिडकीबाहेर पाह्यत राह्यली अन् रडली."

महिनाभरानं मुलगी परत गेली. सामान जास्त झालं म्हणून बैठक इथेच राहिली. मामींनी एका दुपारी दारातल्या गाडीत बसून स्वतःला पट्टा लावून पाहिला. तो त्यांच्या गळ्यावर आला. आयुष्यभर तो तिथेच यायचा, म्हणून पुढे बसल्या की त्या तो काखेखालून घ्यायच्या. मग त्या बैठकीवर बसल्या. पट्टा सरकून बरोबर खांद्यावर आला, आणि खालचा पट्टा पोटावरून मांड्यांवर. तशाच पुष्कळ वेळ बसून होत्या, असं मामाजी सांगायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला फोन लावून, "तुह्यं बरोबर होतं," म्हटलं. मामाजींच्या मते हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं.

तेव्हापासून मामींनी ते गल्लीला शिकवायचा चंगच बांधला. त्यांची शिकवायची रीत म्हणजे त्या स्वतः. समोरच्याच्या गाडीत बसायच्या, पट्टा ओढायच्या आणि गळ्याकडे बोट दाखवायच्या. "पाह्य. हा पट्टा मोठ्या मानसासाठी केला हाय. माह्या गळ्याले लागते, तं तुह्या पोराच्या कुठी लागन? पाट देल्ला का पोट्टं वर येते अन् पट्टा खांद्यावर येते." बूस्टर वगैरे शब्द त्यांनी कधी वापरला नाही. त्यांच्यासाठी तो गाडीतला पाट. आणि कोणी म्हटलं की आम्ही मांडीवर घट्ट धरतो की हो, तर म्हणायच्या, "मांडी घरी हाय ना. वट्ट्यावर घे, झोपाळ्यावर घे, दिवसभर घे. गाडी दनकन थांबली का मांडीवरचं पोट्टं हातात राह्यत नाई."

एवढी तळमळ बघून लोकांनी परस्पर ठरवून टाकलं, की मामींचं कोणीतरी अपघातात गेलं असणार. मीही तसंच समजत होते. एकदा भाजी निवडता निवडता विचारलंच. मामी म्हणाल्या, "नाई व. कोनीच नाई गेलं." मग जरा चिडूनच म्हणाल्या, "काऊन, कोनी मेल्यावरच सांगाव काय?" मी मेथीची पुढची जुडी सोडली. त्यांच्यावर माझा जीव जडला तो बहुधा त्याच दुपारी.

पाट दिला तरी पट्ट्याचं कुलूप सापडलं पाहिजे ना. आमच्याकडे गाडी घेतली की लोक आधी कुशनवाल्याकडे जातात आणि सीटांना चकाचक रेक्झिनची कव्हरं चढवतात. मागचे पट्टे त्यात दबून जातात ते कायमचे. मामी हायवेवरच्या कुशनवाल्याकडे गेल्या, पिशवीत कात्री घेऊन. तो म्हणाला, "मामी, गिऱ्हाईकच म्हन्ते, पट्टे लोंबते, बरे नाई दिसत, दाबून टाक." मामींनी त्याच्याच दुकानातल्या तयार कव्हराला दोन चिरा दिल्या आणि म्हणाल्या, "याले आता काठ शिवून दे. गुंड्याच्या काजासारखं. मंग बरं दिसते." तो आधी भडकला. मग त्यानं खरंच काठ शिवून पाहिले, आणि ते बरे दिसले. पुढे तो गिऱ्हाइकाला स्वतःच विचारायला लागला, "मामीची काजं पाह्यजे का?"

मामींचा पाट गल्लीत फिरायला लागला. त्यांच्याकडची लग्नाकार्याची मोठी पातेली जशी घरोघर जायची आणि घासून परत यायची, तसाच. गावाला निघालेल्या बाईनं आदल्या दिवशी यायचं, पाट न्यायचा. मामी नावबिव काही लिहून ठेवत नसत. अट एकच, पाट परत आणताना पोरानं काय काय केलं ते सांगायचं. आता त्यांनीच त्याला पाट म्हटल्यावर लोकांनी तो पाटासारखाच वापरला, यात लोकांची काय चूक? एकीनं मुलाला वाढदिवसाला त्यावर बसवून ओवाळलं, त्यावर तेलाचे डाग पडले. एका घरी दीड दिवसाचा गणपती त्यावर बसला आणि विसर्जन झाल्यावर पाट हळदीकुंकवासकट परत आला. घरची सून घाबरतच आली होती. मामी निळ्या कापडावरचं कुंकू झटकत म्हणाल्या, "देवाले पट्टा लावला होता ना?" मग मात्र त्यांनी तिला आत बसवून, चहा पाजून, पुन्हा सगळं समजावलं, की पट्ट्याबिगर हे नुसतं फोम हाय, बापा. पुढच्या वर्षी त्यांनी मामाजींच्या मागे लागून नागपूरहून आणखी एक पाट मागवला.

बायका ऐकत होत्या. अडत होतं ते मुलांच्या मामांपाशी. भाचा म्हणजे मामाच्या मांडीवरचा, हे आपल्याकडे ठरलेलं. मामा गावाहून यायचा तो मुळी भाच्याला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायला. तिथे त्याला सांगायचं की पोरगं मागे बसेल आणि तुझ्या मांडीवर नाही, म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवल्यासारखंच. दोन घरी यावरून रुसवे झाले होते. मामी बोलून बोलून थकल्या, पण मामा लोकांपुढे त्यांचंही चालेना.

आणि मग आमच्या बंटीचं जावळ निघालं. बंटी नवसाचा, म्हणून त्याचे केस पाचव्या वर्षापर्यंत ठेवलेले. दोन वेण्या घालून हिंडायचा आणि कोणी "बाई" म्हटलं की मारायला धावायचा. कुलदैवताला जाऊन मामाच्या मांडीवर त्याचे केस उतरवायचे होते. मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, प्रकाश. आमचे बाबा लवकर गेले. समुद्रपूरजवळची शेती आणि मी, दोन्ही त्यानंच सांभाळलं. माझं लग्न त्यानं लावून दिलं, माझं कन्यादान त्यानं केलं. जावळासाठी तो पहिल्या बसनं निघाला, नवं धोतर नेसून, टोपी घालून, बंटीचे कपडे आणि नारळ घेऊन. आमची सेकंडहँड पांढरी गाडी धुऊन उभी होती. प्रकाशदादा आला तो सरळ पुढचं दार उघडून बसला आणि मांडीवर थोपटून म्हणाला, "ये रे भाच्या."

मी म्हटलं, "दादा, त्याला मागे बसवू. मामींचा पाट आणलाय." दादाला आधी कळेच ना. कळल्यावर तो गाडीतून उतरला. "माही मांडी नाई चालत?" मी काही बोलायच्या आत त्यानं पिशवी उचलली. "मंग मी येऊन काय करू? तुमी जा. मी जातो बसस्टँडवर." त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. आमचे हे गाडीच्या चाव्या हातात घेऊन आकाशाकडे बघत उभे. ज्या भावानं मला वाढवलं, तो माझ्या दारातून परत चालला होता. माझे डोळे भरून आले. वाटलं, जाऊ दे तो पाट, एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

मामी ओट्यावरून सगळं बघत होत्या. त्या उतरल्या आणि थेट दादापुढे येऊन उभ्या राहिल्या. दादाला मान पूर्ण खाली घालावी लागली. मला वाटलं आता गळ्याकडे बोट जाणार आणि भाषण सुरू होणार. मामींनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यासाठीच थांबलो आमी. मामाबिगर हा पाट बसतच नाई."

दादा थांबला.

"जावळाले मांडी मामाचीच. तो मान कोनी घेत नाई तुमच्यापासून," मामी म्हणाल्या. "पन तिथपावतर पोट्टं नेऊन पोचवनं बी मामाचंच काम ना? बापानं पट्टा लावला का हे पोट्टं सोडून टाकते. मामानं लावला का नाई सोडत." हे त्यांनी त्या क्षणी रचलेलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. मग माझ्याकडे वळून, "उभी काय राह्यली? निरांजन आन. भाऊ पट्टा लावून राह्यले, ओवाळायचं नाई काय?"

मी धावत आत गेले. परत आले तर दादा मागच्या दारात गुडघ्यावर बसलेला, नव्या धोतरानिशी. मामी त्याला शिकवत होत्या. आधी खालचा पट्टा, मांड्यांवरून. मग वरचा, खांद्यावरून. कुलपाचा आवाज आला पाहिजे. "बोटं आत गेली पाह्यजे, मूठ नाई." दादानं बोटं घालून पाहिली, पुन्हा सारखं केलं, पुन्हा पाहिलं. त्यानं माझ्या लग्नात मांडवाचे खांबही असेच हलवून पाहिले होते. मी दोघांना ओवाळलं. बंटी वेण्या मागे टाकून राजासारखा बसला होता. दादा पुढे गेलाच नाही. त्याच्या शेजारी मागेच बसला, आणि मामींनी खिडकीतून हात घालून त्यालाही पट्टा लावायला लावला.

रस्त्यात काहीही झालं नाही. ट्रक होते, म्हशी होत्या, ढाब्यावर चहा झाला, बंटी झोपला आणि त्याचं डोकं दादाच्या दंडावर टेकलं. केस उतरले ते दादाच्याच मांडीवर. संध्याकाळी परत आलो तेव्हा मामी ओट्यावर उभ्या होत्या. "काई झालं?" मी म्हटलं, "काहीच नाही." "मंग बरं झालं," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, ज्याच्यासाठी त्यांचे आभार मानायचे ते कधी घडलंच नाही, म्हणून त्यांचे आभार मानायला आम्हाला जमलंच नाही. ते मी इथे मानते. आमच्या गल्लीतली कितीतरी मुलं कुठेकुठे गेली आणि धडधाकट परत आली, आणि त्याबद्दल कोणी मामींना हार घातला नाही.

ओवाळणीची ती गोष्ट मात्र गल्लीभर झाली. मग कोणाकडे मामा आला की तोच पट्टा लावणार, आणि बहीण ओवाळणार. रुसवे संपले. दादा तर समुद्रपूरला जाऊन सांगायचा, "आमच्या बहिनीकडं रीतच हाय तशी." मामी डोळे मिचकावायच्या. "मामाले मान देल्ला का तो उन्हात बी उभा राह्यते," म्हणायच्या.

पाट सुटायचा कधी, याचाही त्यांचा नियम होता. "माह्या डोक्याच्या वर गेला का सुटला." मुलं त्यांच्या पाठीला पाठ लावून उभी राहायची, टाचा उचलायची, मामी ओरडायच्या, "टाचा खाली!" कोणी त्यांच्या वर गेलं की त्या त्याच्या हातावर पेढा ठेवायच्या आणि स्वतःच खूश व्हायच्या. आपल्यापेक्षा उंच झालेल्या पोराकडे इतक्या आनंदानं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बंटी सहावीत होता तेव्हा मामी आजारी पडल्या. श्वास लागायचा, जेवण जात नव्हतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सावंगीच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. दादा भाऊबीजेला आलेला होता. आमचीच पांढरी गाडी काढली. मामींना धरून आणलं, तेव्हा मला त्या फारच छोट्या दिसल्या. मागे बसल्या, सवयीनं फटीत हात घातला, कुलूप लागलं तेव्हा हसल्या. पट्टा ओढला तर तो गळ्याच्याही वर, हनुवटीला लागत होता. त्यांना त्यानं खोकला यायला लागला.

बंटी बाहेर उभा होता. त्यानं आपल्या बाजूचा पाट उचलला. "मामी, तुमी बसा याच्यावर. मी गेलो तुमच्या वर."

"कवा गेला? माप झालं नाई," मामी म्हणाल्या. आम्ही नको नको म्हणत असताना त्या गाडीतून उतरल्या. दाराला धरून, पाठ जितकी सरळ होईल तितकी सरळ करून उभ्या राहिल्या. बंटी पाठीला पाठ लावून उभा राहिला. त्यानं टाचा उचलल्या नाहीत. मामाजींनी दोघांच्या डोक्यांवर हात ठेवला आणि हात मामींच्या बाजूला उतरता झाला. तो वाढला होता की त्या खचल्या होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. मामींनी मागे हात नेऊन त्याच्या डोक्यावरून फिरवला. "पेढा राह्यला तुहा," म्हणाल्या.

त्यांना पाटावर बसवलं. "पट्टा कोन लावन?" त्यांनी विचारलं. "माहे भाऊ तं कवाचेच गेले."

दादा पुढे झाला. "मी हाय ना, मामी." तो गुडघ्यावर बसला, आधी खालचा पट्टा, मग वरचा, आणि बोटं घालून पाहिलं. मी घरात गेले नाही, निरांजन नव्हतं, तशीच हातानं त्यांची आलाबला घेतली. सबंध रस्ताभर मामी माझ्यावरून वाकून पलीकडे बंटीकडे बघत होत्या. "खांद्यावर आला काय रे?" "आला मामी." "पोटावर नाई ना?" "नाई." मग त्या मान मागे टेकवून म्हणाल्या, "सुटलं पोट्टं." सावंगीला उतरताना त्यांनी विचारलं, "रस्त्यात काई झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मामी." त्यांनी माझा हात दाबला.

मामी तिथून परत आल्या नाहीत. मुलगी येऊन गेली. तिनं दोन्ही पाट इथेच ठेवले, ते आता माझ्याकडे असतात आणि घरोघर जातात, हळदीकुंकवासकट परतही येतात.

तेरवी झाल्यानंतर एका सकाळी समोरची एक बाई मुलीला घेऊन दुकानापुढे आली. पाट सोडायचा का, हे विचारायचं होतं, आणि आता माप कुठे घ्यायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. मामाजी गल्ल्यावरून उठले. रंगाच्या डब्यातला ब्रश त्यांनी माझ्या हातात दिला आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. वय झालं होतं, पाठीत बाक आला होता. तरी त्यांनी खांदे मागे नेले, हनुवटी वर केली, टाचा चौकटीला भिडवल्या.

"दुसऱ्या बटनापावतर यायची," ते म्हणाले. "तिथं रेघ मार."

मी बटण पाहिलं आणि त्या उंचीला, त्यांच्या बाजूला चौकटीवर लाल रेघ ओढली. मुलगी रेघेपाशी उभी राहिली, दोन बोटं कमी भरली, आणि पाट घेऊन घरी गेली. मामाजी मात्र चौकटीला टेकून तसेच ताठ उभे होते.